होळीच्या तोंडावर हिंव आणि गारा

माघ संपत आला, आंब्याचा मोहोर फुलला, संध्याकाळीं अंगावर घेतलेली शाल मध्यरात्रीं नकोशी होऊं लागली, कीं सातारा-सांगलीकडील घरांतून एक प्रश्न हमखास ऐकूं येतो : थंडी गेली, कीं अजून एकदां उलटून येणार? साताऱ्याच्या पेठेंतील गृहस्थाला हा प्रश्न पडतो तो गरम कपडे पेटींत टाकण्याच्या निमित्तानें. महाबळेश्वराच्या बाजूस स्ट्रॉबेरी लावणाऱ्याला तो पडतो पहाटेच्या धास्तीनें. आणि तासगांवच्या द्राक्षबागायतदाराला जेव्हां तो पडतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांसमोर वर्षभराचा खर्च व सोसायटीचें कर्ज उभें असतें. "होळी जळाली, थंडी पळाली" ही म्हण या तिघांनाहि पाठ आहे. ती कितपत खरी, आणि थंडी पळाली म्हणजे बर्फाचेंहि भय सरलें असें समजावें काय, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

म्हणीला पहिली अडचण पंचांगाचीच येते. होळी तिथीवर अवलंबून. २०१८ सालीं ती १ मार्चला आली, तर पुढल्याच वर्षीं २० मार्चला. सूर्य कांहीं अधिकमासासाठीं खोळंबून राहत नाहीं. त्यामुळें होळीच्या निखाऱ्यांवर तापविलेल्या पाण्याचें स्नान एखाद्या वर्षीं सुखाचें वाटतें, तर एखाद्या वर्षीं त्यानें घाम फुटतो. तथापि म्हण करणारांनीं सबंध देशावरील साधारण अनुभव सांगितला, तिथीचा हिशेब केला नाहीं, एवढें मानून पुढें जाण्यास हरकत नाहीं.

प्रथम बर्फाचा निकाल लावणें सोयीचें. वेण्णा तलावाच्या कांठचें पांढरें झालेलें गवत वर्तमानपत्रांतून छापून येतें, मथळ्यांत काश्मीरची आठवण असते, आणि मग घरोघरीं मुलें विचारतात कीं महाबळेश्वरला खराखुरा बर्फ पडतो काय. पडत नाहीं, आणि फाल्गुनांत पडेल ही तर आशाच नको. महाबळेश्वर जवळजवळ १८ अक्षांशावर आहे. त्याचें पठार सुमारें ४,५०० फूट उंच असून विल्सन पॉइंट हें तेथील सर्वांत उंच स्थान ४,७०० फुटांच्या थोडें वर जातें. हवेंत हजार फूट वर चढावें तों उष्णतामान साधारण दोन सेंटिग्रेड अंशांनीं उतरतें. या हिशेबानें आपल्या प्रदेशावर ऐन हिंवाळ्यांतहि पाणी गोठण्याची पातळी तेरा ते पंधरा हजार फुटांच्या दरम्यान राहते. सह्याद्रि आहे त्याच्या तिप्पट उंच असता, तर त्याच्या माथ्यावर बर्फ दिसला असता. हें नुसतें गणित नव्हे. हवाई बेटांतील मौना केआ हा पर्वत २० अक्षांशाच्या आसपास, म्हणजे आपल्या खानदेशाच्या थोडा खालीं येईल अशा जागीं आहे, आणि त्याच्या शिखरावर हिंवाळ्यांत बर्फ पडतो. पण त्याची उंची १३,८०० फूट आहे. मेक्सिकोंतील ओरिझाबा १९ अक्षांशावर. तो १८,००० फुटांहून उंच आहे.

दुसरीहि एक अडचण आहे, आणि ती अधिक मौजेची आहे. बर्फ पडावयाचा तर थंडी आणि बाष्प हीं दोन्हीं एकाच वेळीं लागतात. आपल्याकडे कडाक्याची थंडी येते ती उत्तरेकडील कोरड्या वाऱ्यांबरोबर. आणि हवेंत बाष्प भरतें तें समुद्रावरील उबदार वाऱ्यांबरोबर. थंडी असते तेव्हां आकाश निरभ्र, आणि ढग आले कीं रात्र उबदार. या दोघींची गांठ जमिनीजवळ पडत नाहीं. ती पडते आकाशांत, फार उंचावर, आणि त्याचा परिणाम काय होतो तें पुढें यावयाचें आहे.

मग वेण्णाकांठीं पांढरें दिसतें तें काय? तें आकाशांतून पडलेलें नसतें, तेथल्या तेथें झालेलें असतें. पृथ्वीचा पृष्ठभाग दिवसा सूर्यापासून घेतलेली उष्णता रात्रीं आकाशाकडे टाकीत असतो. वर ढग असले, अथवा हवेंत बाष्प पुष्कळ असलें, तर त्यांतील बरीच उष्णता परत फिरते. ढग ही जमिनीची दुलई होय. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असा योग आला कीं दुलई निघते, आणि गवताचें पातें, स्ट्रॉबेरीचें पान, मोटारीचा टप, तलावाच्या धक्क्यावरील फळी अशा पातळ वस्तु भोंवतालच्या हवेपेक्षांहि थंड होतात. पानावर आधीं दहिंवर जमतें; पुढें पान शून्य अंशाखालीं उतरलें कीं तें दहिंवर गोठतें. पुष्कळदां बाष्प पाणी न होतां एकदम बर्फाच्या सुया होऊन पानावर बसतें. त्याची पांढरी भुकटी बोटानें निपटतां येते. दंव कसें जमतें याचा उलगडा विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्यानें १८१४ सालच्या आपल्या निबंधांत केला. तोंपर्यंत तें आकाशांतून झिरपतें असाच बहुतेकांचा समज होता. आपल्या भाषेंत तें अद्यापहि पडतेंच.

या विद्येचा व्यवहारांतील उपयोग मात्र हिंदुस्थानांतील कारागिरांना वेल्सच्या पुष्कळ आधीं ठाऊक होता. अलाहाबादच्या बाजूस हिंवाळ्याच्या रात्रीं उघड्या मैदानांत उथळ खड्डे करून त्यांत उंसाचीं चिपाडें पसरीत, त्यांवर मातीच्या उथळ परळांत पाणी भरून ठेवीत, आणि सूर्योदयापूर्वीं त्यावर आलेला बर्फ गोळा करीत. हवा गोठण्याइतकी थंड नसतांहि परळांतील पाणी गोठे, कारण खालून चिपाडांमुळें जमिनीची ऊब पोंचत नसे आणि वर आकाश उघडें असे. सर रॉबर्ट बार्कर यानें ही कृति १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत वर्णिली आहे. मुंबईकरांना असल्या कोरड्या रात्री लाभलेल्या नाहींत. त्यांच्यासाठीं १८३४ सालीं अमेरिकेंतील बॉस्टनहून जहाजांत भरून बर्फ आणावा लागला.

महाबळेश्वराच्या सबंध पठारांत हिंव नेमकें वेण्णा तलाव आणि लिंगमळा याच भागीं कां दिसावें, याचेंहि कारण सरळ आहे. थंड हवा जड असते. रात्रीं ती उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगट जागीं सांचून राहते. साताऱ्याचे छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं तलाव बांधविला तो अर्थातच पाणी सांचेल अशी जागा पाहून. जेथें पाणी सांचतें तेथेंच गारवाहि सांचतो. म्हणून ज्या पहाटें बाजारपेठेंत साधी थंडी असते, त्याच पहाटें मैलभर अंतरावर तलावाकांठीं गवत पांढरें होतें. वेधशाळेचा आकडा दहा-बारा अंश आणि वर्तमानपत्राचा आकडा शून्य, हा जो दरवर्षींचा वाद, त्यांत दोघेहि आपापल्या ठिकाणीं खरे असतात. वेधशाळेचा तापमापक झरोक्यांच्या पेटींत, जमिनीपासून चार फुटांवर, सांवलींत टांगलेला असतो. तो हवेचें उष्णतामान सांगतो, गवताचें नव्हे.

जमिनीलगतच्या या चार फुटांत रात्रीं काय घडतें, याचा शोध लावण्याचा मान पुणें येथील संशोधकांकडे जातो हें पुष्कळांस ठाऊक नसेल. हवामानखात्याच्या कृषिशाखेचें काम १९३२ सालीं पुण्यास सुरू झालें. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. त्यांनीं व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनीं त्याच वर्षीं असें प्रसिद्ध केलें कीं निवांत, निरभ्र रात्रीं सर्वांत थंड थर जमिनीला चिकटून नसतो, तर तिच्यापासून वीत-दोन वीत वर असतो, आणि तो जमिनीपेक्षां कांहीं अंशांनीं थंड असूं शकतो. ही गोष्ट त्या काळच्या शास्त्राला पटण्याजोगी नव्हती. कित्येक परदेशीय पंडितांनीं ती मोजमापाची चूक म्हणून बाजूस सारली. पुढें निरनिराळ्या देशांत तोच अनुभव आला, आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील रोद्दम नरसिंह आदि शास्त्रज्ञांनीं १९९० नंतर त्याची उपपत्ति मांडली. हवेच्या त्या थराला आतां रामदासांचेंच नांव दिलें जातें. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर वाकून पाहणाऱ्या शेतकऱ्याला मात्र वरचीं पानें आधीं करपतात आणि जमिनीवर टेकलेलीं वांचतात, हें पंडितांचा वाद मिटण्याची वाट न पाहतां दिसत असेल.

आतां मूळ प्रश्न : हें हिंव किती उशिरांपर्यंत येऊं शकतें? पश्चिमेकडून हिमालयाकडे जाणारें एखादें वादळी आवर्त पुढें सरकलें, कीं त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे कधीं कधीं थेट कृष्णाखोऱ्यापर्यंत उतरतात. अशी लाट जानेवारींत यावी हा नियम. पुण्याचा १.७ अंश हा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, आणि नाशिकचा ०.६ अंश हा ७ जानेवारी १९४५ चा. परंतु फेब्रुवारीहि निर्धास्त नाहीं. २०१२ सालीं ९ फेब्रुवारीला नाशिक २.७ अंशांपर्यंत उतरलें, आणि २०१९ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत वेण्णाकांठीं दंव गोठलें. म्हणजे संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानें वाढूं लागला म्हणून हिंवाचें भय गेलें असें नाहीं. फेब्रुवारीचा उत्तरार्ध लागला, कीं मात्र रात्र आंखडते, जमीन दिवसा अधिक तापते, दुपारनंतर समुद्रावरचे वारे घाट चढून बाष्प आणूं लागतात, आणि उघडी पडलेली दुलई पुन्हां जमिनीवर येते. मार्च उजाडल्यावर हिंव पडणें हा अपवादांतलाहि अपवाद होय. या बाबतींत म्हण खरी ठरते.

तोंवर स्ट्रॉबेरीवाल्याला रात्री जागवाव्या लागतात. महाबळेश्वर-पांचगणीच्या या फळाला २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. रोपें पावसाच्या अखेरीस लावलीं जातात, फळ नाताळच्या सुमारास भरांत येतें आणि उन्हाळ्यापर्यंत चालतें. म्हणजे फुलें, कच्चीं फळें आणि हिंवाच्या पहाटा एकाच हंगामांत येतात. फूल गोठलें कीं त्याचा मधला भाग काळा पडतो, आणि त्याचें फळ होत नाहीं. उपाय जुनेच आहेत : संध्याकाळींच वाफ्यांवर आच्छादन घालणें, आणि पहाटे तुषारसिंचन चालूं करणें. थंडींत आणखी पाणी शिंपडणें नवख्याला उफराटें वाटेल. परंतु पाणी गोठतांना उष्णता बाहेर टाकतें, आणि तीच पानाला शून्य अंशाच्या खालीं उतरूं देत नाहीं. पाणी मध्येंच थांबलें तर मात्र न शिंपडल्यापेक्षां अधिक नुकसान होतें, आणि वीज जाते ती बहुधा पहाटेच.

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड करीत सांगलीस पोंचते तेव्हां ती सुमारें अडीच हजार फूट खालीं आलेली असते. सांगलीस गोठलेल्या गवताची गोष्टच नाहीं. पण होळीच्या तोंडावर बर्फाची खरी धास्ती आहे ती येथें. तासगांव, मिरज, कवठेमहांकाळ, जत हा द्राक्षांचा मुलूख. येथल्या बोरगांवच्या वसंतराव आर्वे या बागायतदारानें थॉमसन जातीच्या वेलींतून निवडून काढलेली 'तास-ए-गणेश' ही जात महाराष्ट्रभर पसरली. येथें वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते : एप्रिलांत खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतरच्या चार-साडेचार महिन्यांत घड पिकतो. म्हणजे हिंवाचें भय संपतें, नेमक्या त्याच दिवसांत मांडवाखालीं साखर भरलेले घड लोंबत असतात, आणि तोच काळ गारांचा.

गार कशी होते हें पाहिलें म्हणजे थंडी जाणें आणि बर्फ येणें यांत विरोध नाहीं, उलट एक दुसऱ्याला वाट करून देतें, हें लक्षांत येईल. फाल्गुनांत दुपारची जमीन तापते आणि तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उसळते. बंगालच्या उपसागराकडून व अरबी समुद्राकडून बाष्प येऊं लागलेलें असतें. पण वरच्या थरांतून हिंवाळा अद्याप गेलेला नसतो. तेथें पश्चिमेकडून येणारे थंड वारे वाहत असतात. खालीं उन्हाळा, वर हिंवाळा, आणि मध्यें बाष्प : थंडी व बाष्प यांची जी गांठ जमिनीवर पडत नाहीं म्हणून वर सांगितलें, ती येथें पडते. चाळीस हजार फुटांपर्यंत चढणारे ढग तासा-दोन तासांत उभे राहतात. त्यांतील जलबिंदु शून्याखालीं दहा-पंधरा अंश उतरले तरी गोठलेले नसतात. पाण्याला गोठण्यासाठीं कांहींतरी आधार लागतो. असला थंडगार बिंदु एखाद्या हिमकणावर आदळला कीं तत्क्षणीं त्यावर गोठतो. वर चढणाऱ्या हवेचा झोत कणाला तोलून धरतो, कण त्या थंड पाण्यांत न्हात राहतो, आणि थरावर थर चढतात. पडलेली गार सुरीनें कापून पाहिली तर कांद्यासारख्या पापुद्र्यांनीं तिची हकीकत समजते : पांढरा थर झटकन् गोठल्याचा, पारदर्शक थर सावकाश गोठल्याचा. इंचभर व्यासाची गार तोलण्यास वर जाणारा वारा ताशीं सुमारें पन्नास मैलांचा असावा लागतो. तो दमला, किंवा गार त्याला आवरेनाशी झाली, कीं ती खालीं येते.

ज्येष्ठ-आषाढांत ढग याहून दाट असतात, मग तेव्हां गारा कां नाहींत? कारण तेव्हां गोठण्याची पातळी अठरा हजार फुटांच्या आसपास चढलेली असते; वर कांहीं बनलेंच तर तें एवढ्या उबदार हवेंतून उतरतांना वितळून पाणी होतें. शिवाय पावसाळी ढगांत तसला जोरकस झोतहि सहसा नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्यें ती पातळी खालीं असल्यामुळें लहान गारहि जमिनीपर्यंत जिवंत पोंचते.

२०१४ सालीं महाराष्ट्रानें याचा जो अनुभव घेतला तसा पूर्वीं क्वचितच आला असेल. त्या वर्षीं होळी १६ मार्चला होती. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यापासून जवळजवळ होळीपर्यंत राज्याच्या निरनिराळ्या भागांत दिवसामागून दिवस गारा पडत राहिल्या. तेव्हांच्या ३५ जिल्ह्यांपैकीं २८ जिल्ह्यांत नुकसान झालें, आणि लाखो हेक्टरांवरील उभें पीक गेलें. गहूं, हरभरा, कांदा, डाळिंब, द्राक्ष यांपैकीं कांहींच सुटलें नाहीं. पांखरें व जनावरें मेलीं. गारा माणसांचाहि जीव घेतात : मुरादाबाद येथें ३० एप्रिल १८८८ रोजीं पडलेल्या गारांनीं २४६ माणसें दगावलीं.

द्राक्षबागेला मात्र मोठी गार लागतच नाहीं; हरभऱ्याएवढी पुरते. मण्याची साल एका जागीं फुटली कीं रस बाहेर येतो, त्यावर बुरशी धरते, आणि एक मणी सबंध घड नासवतो. दहा मिनिटांत परदेशीं जाणारा माल स्थानिक बाजाराचाहि राहत नाहीं. अशा वेळीं सांगलीकडे बेदाण्याचा आधार असतो, पण तोहि अर्धाच. बेदाण्यासाठीं घड द्रावणांत बुडवून शेडमधील जाळ्यांच्या दहा-बारा मजल्यांवर पसरतात आणि पंधरा-वीस दिवस वाळवितात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. या कामाला कोरडी हवा, ऊन आणि वारा लागतो, आणि कवठेमहांकाळ-जतच्या अवर्षणग्रस्त माळांवर तीं तिन्हीं मुबलक आहेत. तेथलें दारिद्र्य येथें भांडवल ठरलें आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण ज्या ढगानें बागेवर गारा टाकल्या तोच शेडवर पाऊस आणि दमट हवाहि आणतो. अर्धवट वाळलेला माल काळा पडतो, आणि सौद्यांत हिरवट पिवळ्या बेदाण्याचा भाव त्याला येत नाहीं.

तेव्हां फेब्रुवारीच्या अखेरीस बागायतदारापुढें येणारा पेंच असा : घड आठ दिवस वेलीवर ठेवला तर गोडी वाढते आणि भाव वाढतो, उतरविला तर गोडी कमी, पण गारांच्या तावडींतून सुटका. हिंवाचा अंदाज दोन-तीन दिवस आधीं बांधतां येतो, कारण थंडीची लाट शेंकडों मैलांवरून, सर्वांना दिसेल अशी येते. गारांचें तसें नाहीं. अमुक दोन दिवसांत जिल्ह्यांत कोठेंतरी गारा पडण्याचा संभव आहे, इतकें वेधशाळा सांगूं शकते. पण गारांचा पट्टा कधीं कधीं मैल-दोन मैलच रुंद असतो, आणि बांधाच्या अलीकडे सर्वनाश नि पलीकडे नुसता शिडकावा असें घडतें. महाबळेश्वर येथें पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें २०१२ मध्यें ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उघडली, आणि मांढरदेवच्या डोंगरावर तिचें रडार आहे. रडारला ढगांतील गारा दिसतात खऱ्या, परंतु त्या दिसल्यापासून पडेपर्यंत हातीं फार थोडा वेळ असतो. तेवढ्यांत एकराचा माल उतरत नाहीं. कांहीं बागांतून गारांसाठीं जाळी किंवा प्लॅस्टिकचें आच्छादन दिसतें. तें काम चांगलें देतें, पण त्याचा खर्च लहान बागायतदाराच्या आंवाक्याबाहेरचा आहे. बाकीचे दुपारीं तीननंतर क्षितिजाकडे पाहत राहतात. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला आणि एकाएकीं गार वारा सुटला, कीं शेडचे पडदे सोडण्याची धांवपळ होते.

मार्च संपतां संपतां बहुतेक बागा मोकळ्या होतात, आणि एप्रिलांत खरडछाटणी उरकते. पुढें चैत्र-वैशाखांत वळवाच्या पावसाबरोबर त्याच गारा पुन्हां येतात. साताऱ्याच्या वाड्यांतून मुलें अंगणांत वाट्या घेऊन धांवतात, महाबळेश्वरास गेलेले पाहुणे पांढऱ्या झालेल्या रस्त्यावर उभे राहून छायाचित्रें काढतात. तासगांवच्या मांडवावर तेव्हां एकहि घड नसतो. असतात त्या हातभर कोंवळ्या फुटी. त्यांच्या डोळ्यांत पुढल्या वर्षींचा घड त्याच आठवड्यांत घडत असतो, आणि फूट मोडली कीं तो तेथेंच राहतो.